रिकामी पुंगळी कुणाची?

मराठी वर्तमानपत्रात 'पुंगळी' हा शब्द बहुतेक एकाच प्रकारच्या बातमीत भेटतो. 'घटनास्थळावरून पोलिसांनी तीन रिकाम्या पुंगळ्या जप्त केल्या.' गोळी सुटून गेल्यावर बंदुकीतून बाहेर पडतं ते पितळी नळकांडं, म्हणजे पुंगळी. आपल्याकडे ती पुरावा असते किंवा हिशेबाची वस्तू. इंजिनिअरिंगला असताना मी एनसीसीत होतो. .२२ रायफलच्या फायरिंगला मोजून राउंड मिळायचे आणि नंतर सगळ्यांनी गवतात वाकून रिकामी 'खोकी' शोधायची. दिलेले राउंड आणि परत आलेली खोकी यांचा आकडा जुळेपर्यंत कुणी जागचं हलायचं नाही. खोकं सरकारचं होतं. त्यात आम्हाला काही गैर वाटलं नाही, कारण रिकाम्या खोक्याचं घरी नेऊन करणार काय?

त्या प्रश्नाचं एक उत्तर मला बऱ्याच वर्षांनी अमेरिकेत, कॅन्सस सिटीजवळच्या एका उपनगरात मिळालं. माझ्या टीममधल्या एका सहकारी बाईचे वडील वारले आणि त्यांच्या गॅरेजमधलं एक टेबल तिच्या वाट्याला आलं. टेबलाला बोल्टने घट्ट बसवलेला ओतीव लोखंडाचा प्रेस, एक छोटा तराजू, डायचे डबे, कॉफीच्या सहा डब्यांत पुंगळ्या आणि एक वही. वडील आयुष्यभर स्वतःची काडतुसं स्वतः भरत. तिला ते शिकायचं होतं. मला बोलावलं ते वहीसाठी: पानं स्कॅन करून सगळे आकडे एका स्प्रेडशीटमध्ये आणायचे होते.

इथे एक गोष्ट आधीच सांगायला हवी. माझ्यासारख्या तात्पुरत्या व्हिसावर आलेल्या परदेशी माणसाला अमेरिकेच्या संघीय कायद्यानुसार बंदूक किंवा काडतुसं बाळगायला सर्वसाधारणपणे बंदी आहे. शिकारीच्या परवान्यासारखे थोडे अपवाद आहेत, मी त्यांत बसत नाही. त्यामुळे टेबलाच्या त्या बाजूला ती आणि या बाजूला माझा लॅपटॉप, अशी आमची वाटणी होती. पण वही वाचताना मी या छंदाच्या इतिहासात शिरलो, आणि तो इतिहास शेवटी एकाच प्रश्नाभोवती फिरतो असं मला वाटतं: रिकामी पुंगळी कुणाची?

चार वस्तूंचं काडतूस

'काडतूस' हा शब्द आपल्याकडे पोर्तुगीज 'कार्तुश'वरून आला. बोलताना आपण अख्ख्या काडतुसालाच गोळी म्हणतो, पण त्यात चार वस्तू असतात. पुढे गोळी. मागे पितळेची पुंगळी. पुंगळीत दारू. आणि पुंगळीच्या बुडाशी एक चिमुकली टोपी, म्हणजे प्रायमर. दिवाळीत पिस्तुलातली टिकली ठोका बसला की फुटते, तेच काम प्रायमर करतो. त्याची ठिणगी बुडातल्या भोकातून दारूपर्यंत जाते, दारू जळते, वायू गोळीला पुढे ढकलतो.

या चारपैकी तीन गोष्टी खर्च होतात. चौथी उरते. काडतुसाच्या पितळेत साधारण ७० टक्के तांबं आणि ३० टक्के जस्त असतं. दाबाखाली ती नळी फुगून बंदुकीच्या भिंतीला चिकटते, वायू मागे येऊ देत नाही आणि दाब उतरला की किंचित आकसून सुटी होते. पण मूळ मापाला येत नाही. तिला पुन्हा साच्यात दाबून मापात आणायचं, जुनी टोपी काढून नवी बसवायची, दारू मोजून घालायची, तोंडावर नवी गोळी बसवायची. याला म्हणतात रीलोडिंग. काडतुसातला सर्वांत महाग आणि बनवायला सर्वांत अवघड भाग पुंगळी आहे आणि तोच पुन्हा वापरता येतो, यावर हा सगळा छंद उभा आहे.

ठासणीच्या बंदुकीच्या काळात असा प्रश्नच नव्हता. कोकणात शेतराखणीसाठी ज्या ठासणीच्या बंदुका असत, त्यांत दारू वेगळी, गोळी वेगळी, गजाने ठासायचं आणि वर टोपी लावायची. तिथे बंदूकवाला प्रत्येक बाराला स्वतःच काडतूस बनवत असतो. धातूचं काडतूस आलं आणि ते काम बंदूकवाल्याच्या हातून कारखान्यात गेलं. ते परत घरी येऊ शकतं की नाही, हे पुढे एका भोकाने ठरवलं.

एक भोक की दोन

१८६६ हे वर्ष लक्षात ठेवा. इंग्लंडमध्ये वूलिचच्या शाही प्रयोगशाळेत एडवर्ड बॉक्सर या लष्करी अधिकाऱ्याने स्नायडर-एनफिल्ड रायफलसाठी काडतूस तयार केलं. त्याच वर्षी अमेरिकेत हायरम बर्डन याने आपल्या प्रायमरचं पेटंट घेतलं. यादवी युद्धात नेमबाजांची पथकं उभी करणारा तो हाच बर्डन.

टोपी फुटायला तिच्या आत एक ऐरण लागते. मागून पिनचा ठोका, पुढे ऐरण, मधे स्फोटक. बॉक्सरच्या रचनेत ही छोटी ऐरण टोपीच्या आतच असते, त्यामुळे पुंगळीच्या बुडाला बरोबर मध्यावर एक भोक पाडता येतं. बर्डनने ऐरण पुंगळीच्याच बुडात घडवली. मग मध्य ऐरणीने अडला आणि ठिणगीसाठी तिच्या बाजूंना बहुधा दोन बारीक भोकं आली.

कागदावर हा फरक किरकोळ वाटतो. पण जुनी टोपी काढायची कशी, असं विचारलं की तो एकदम मोठा होतो. बॉक्सर पुंगळीत तोंडातून सरळ एक सळी घाला, मधल्या भोकातून दाबा, टोपी खाली पडते. दोन सेकंदांचं काम. बर्डन पुंगळीत सळी ऐरणीवर जाऊन थांबते. तिथे टोपी बाहेरून आकड्याने उचकटा नाहीतर पाणी भरून दाबाने उडवा. अशक्य नाही, पण एकेका पुंगळीमागे एवढी खटपट करणार कोण?

गंमत पुढेच आहे. इंग्रजाची रचना अमेरिकेत रुजली आणि अमेरिकनाची रचना युरोपात. आज अमेरिकेत दुकानातून घेतलेलं जवळजवळ प्रत्येक पितळी काडतूस बॉक्सर पद्धतीचं असतं. खुद्द ब्रिटिश सैन्याचं .३०३ काडतूस मात्र बर्डन पद्धतीचं होतं. आमच्या पुण्याजवळ खडकीला १८६९ पासून दारूगोळ्याचा कारखाना आहे. त्याची के आणि एफ अक्षरांची मोहोर असलेली .३०३ ची काडतुसं याच ब्रिटिश घराण्यातली. सैन्याला त्याने काही बिघडत नव्हतं. सैन्याला पुंगळी वितळवायची असते, शिपायाने ती घरी नेऊन भरावी असं वाटत नसतं.

भारतात त्याहीपुढे कायदा उभा होता. लॉर्ड लिटनच्या काळात १८७८ चा शस्त्र कायदा आला. भारतीयांना शस्त्रासाठी परवाना सक्तीचा, युरोपियनांना सूट. स्वातंत्र्यानंतर १९५९ चा कायदा आला आणि तो वर्णभेद गेला, पण परवाना राहिला. आजही परवान्यावर काडतुसांची संख्या लिहिलेली असते. अमेरिकेत उलट आहे: विकण्यासाठी काडतुसं बनवायची तर परवाना लागतो, स्वतःपुरती भरायला संघीय परवाना लागत नाही. गवतात खोकी शोधणारे आम्ही कॅडेट आणि कॉफीच्या डब्यात पुंगळ्या साठवणारे ते गृहस्थ, यांच्या मधे एवढा इतिहास आहे.

चिमटा, इस्त्रीचं दुकान आणि रेल्वेचा डबा

१८७० च्या दशकात अमेरिकेच्या मैदानांत रानरेड्यांची, म्हणजे बायसनची, बेसुमार कत्तल झाली. शिकारी महिनोन् महिने माळावर असत. काडतुसं महाग आणि दुकान दूर. मग रात्री शेकोटीवर शिसं वितळवून गोळ्या ओतायच्या आणि दिवसा उडवलेल्या पुंगळ्या पुन्हा भरायच्या. या कौशल्याचा पहिला मोठा उपयोग हा असा, एक प्राणी जवळजवळ संपवण्यासाठी झाला. तो वगळून हा इतिहास सांगता येत नाही.

१८८४ मध्ये कनेटिकटमधल्या न्यू हेवनला जॉन बार्लो याने 'आयडियल' नावाची कंपनी काढली. तिचं गाजलेलं अवजार म्हणजे सांडशीसारखा दिसणारा चिमटा. टोपी काढणं, नवी बसवणं, गोळी दाबणं, सगळं एका हाताच्या पकडीत. सोबत माहितीपुस्तकही. १९२५ मध्ये लायमन कंपनीने हा व्यवसाय घेतला आणि त्या घाटाचा चिमटा पुढेही बराच काळ टिकला.

दरम्यान दारू बदलली. पॉल व्येई या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने १८८४ मध्ये बिनधुराची दारू तयार केली. जुन्या काळ्या दारूत फारसा प्रश्न नव्हता, पुंगळी जवळजवळ भरेल इतकी घालायची. बिनधुराची दारू जास्त जोरकस. पुंगळी भरलेली दिसत नाही तरी माप पूर्ण झालेलं असतं. काही काडतुसांत तर चुकून दुप्पट दारू पडली तरी ती आत मावते, आणि मग बंदूक हातात फुटू शकते. डोळ्याच्या अंदाजाचा काळ संपला आणि तराजू टेबलावर आला.

खरी लाट आली दुसऱ्या महायुद्धात आणि त्यानंतर. युद्धात गोळ्यांचा तुटवडा होता. कॅलिफोर्नियातल्या ओरोव्हिल गावात फ्रेड हंटिंग्टन याने वडिलांच्या लाँड्रीच्या मागच्या खोलीत १९४३ मध्ये साचे बनवायला सुरुवात केली. त्यातून आरसीबीएस ही कंपनी उभी राहिली. हे साचे करायचे काय? .२२ ची वापरलेली खोकी घ्यायची, ती दाबून त्यांचं पातळ आवरण करायचं, आत शिसं भरायचं आणि रायफलची नवी गोळी तयार. व्हर्नन स्पीअरनेही हीच युक्ती वापरली. .२२ च्या खोक्यात स्फोटक बुडाच्या कडेत भरलेलं असतं, त्यामुळे ते पुन्हा भरता येत नाही. तरी हंटिंग्टनने ते वाया जाऊ दिलं नाही. आम्ही एनसीसीत मोजून परत केलेल्या खोक्यांचं काय होऊ शकतं, ते मला इथे कळलं.

आणि युद्ध संपल्यावर दारूचा सुकाळ झाला. कॅन्ससमधल्या ब्रूस हॉजडनने विमा पॉलिसीवर कर्ज काढून सरकारची उरलेली दारू घाऊक विकत घेतली. ठेवायला जागा म्हणून रेल्वेचा एक जुना डबा आणला. ती दारू ४८९५ नावाची, गॅरंड रायफलच्या काडतुसातली. जाहिरात दिली, घरून विक्री सुरू केली. त्याच्या नावाची कंपनी अजून कॅन्ससमध्येच आहे. पुढे त्याने २० मिलिमीटर तोफांच्या काडतुसांतली आणखी एक दारू विकली, तिचं नाव ४८३१. १९५८ मध्ये विस्कॉन्सिनच्या रिचर्ड ली याने 'ली लोडर' काढला: खिशात मावणारा, हातोडीने ठोकून चालणारा संच. आता प्रेसही लागेना. सैन्यातून परतलेला, मध्यमवर्गीय पगाराचा माणूस गॅरेजमध्ये आपली काडतुसं आपण करू लागला. माझ्या सहकारी बाईचे वडील त्याच काळातले.

लोखंड आणि आकडे

तिचा प्रेस साठेक वर्षं जुना असावा. वरचा गंज तारेच्या ब्रशने काढला, दांड्याला तेल दिलं, तेवढंच. नवी डाय घेताना तिला धाकधूक होती, बसेल का? बसली, पहिल्या फेऱ्यातच. कारण पाऊण इंचाहून जरा मोठ्या, सात अष्टमांश इंच व्यासाचा आणि इंचाला १४ आट्यांचा स्क्रू गेल्या शतकाच्या मध्यापासून बहुतेक कंपन्यांनी मान्य केला आहे. कुणाचाही प्रेस, कुणाचीही डाय. माझ्या धंद्यात पाच वर्षांपूर्वीचं ॲप नव्या फोनवर चाललं तर आम्ही एकमेकांना मिठाई वाटू. त्यामुळे तो स्क्रू आत जाताना बघून मला खरोखर आदर वाटला.

तराजूही चांगला निघाला, पण तिने आधी प्रमाणित वजनं आणून तो तपासला. या छंदाचं वजन ग्रॅममध्ये नसतं, ग्रेनमध्ये असतं. ७,००० ग्रेन म्हणजे एक पौंड. ग्रेन म्हणजे मुळात जवाचा दाणा. आपल्या सोनारांची गुंज भरते साधारण पावणेदोन ते दोन ग्रेन. धान्याच्या दाण्याने आणि वेलीच्या बीने वजन करणाऱ्या दोन जगांचं माप इतकं जवळजवळ यावं, हे मला आवडलं.

डब्यांतल्या पुंगळ्या तिने एकेक करून पाहिल्या. बर्डनवाल्या वेगळ्या, बुडाजवळ चीर किंवा चकाकणारी रेघ दिसलेल्या भंगारात, हिरवट चढलेल्या भंगारात. फार जुन्या काही प्रायमरमध्ये पारा असायचा आणि तो पितळ आतून ठिसूळ करतो, म्हणून वय कळत नसलेल्याही भंगारात. अर्धवट भरलेले दारूचे दोन डबे होते. एकावरचं लेबल निघालेलं, दुसऱ्यातून आंबूस वास आणि तांबूस धूळ. दारू शिळी होते आणि बिननावाच्या दारूचा अंदाज रंगावरून करायचा नसतो. दोन्ही डबे बाद झाले. इथपर्यंत ती ठाम होती.

वहीपाशी अडलं. सुंदर अक्षर, तीस-पस्तीस वर्षांच्या नोंदी. काडतूस, गोळीचं वजन, दारूचं नाव, दारूचं माप, निशाणीवर किती जवळजवळ लागल्या. स्प्रेडशीटमध्ये मी दारूच्या नावावर गट पाडले तेव्हा सर्वांत मोठा गट निघाला '४८३१'. आणि १९७० च्या दशकात ड्यूपाँट कंपनीने ४८३१ याच आकड्याची आणखी एक दारू बाजारात आणली होती. ती हॉजडनच्या दारूपेक्षा लवकर जळते. म्हणजे एकीचं माप दुसरीला वापरलं तर दाब धोक्याच्या पलीकडे जाऊ शकतो. २००३ मध्ये हॉजडनने ड्यूपाँटच्या वारशातला आयएमआर हा ब्रँडही विकत घेतला. त्यामुळे आज एकाच कंपनीच्या दोन डब्यांवर ४८३१ लिहिलेलं असतं, फरक फक्त आधीच्या अक्षरांचा. वडिलांनी ती अक्षरं कधीच लिहिली नव्हती. गरज नव्हती. त्यांना माहीत होतं की शेल्फवर कोणता डबा आहे.

ती म्हणाली, "पण हे वापरून त्यांनी तीस वर्षं हरणं मारली. काही झालं नाही."

खरं होतं. आणि तरी ते मानता येत नव्हतं. नावाचा प्रश्न सोडला तरी पुंगळीची कंपनी बदलली की आतली जागा बदलते, प्रायमर बदलला की ठिणगी बदलते. पूर्वी दाब मोजायचे तांब्याचा तुकडा किती चेपला जातो ते पाहून. आता विद्युत सेन्सरने क्षणाक्षणाचा आलेख निघतो, आणि त्यात काही जुनी 'सुरक्षित' मापं तितकी सुरक्षित नव्हती असं दिसलं. आमच्या भाषेत सांगायचं तर आकडा जपला गेला, पण तो ज्यांवर अवलंबून होता त्यांची व्हर्जनं कुणी लिहिली नाहीत. या छंदातला नियम साधा आहे: दारू ज्या कंपनीची, तिचंच आजचं पुस्तक उघडायचं, त्यातल्या सुरुवातीच्या, म्हणजे सर्वांत कमी मापापासून चढायचं. तिथे वडिलांचा आकडा चालत नाही.

तिला ते जड गेलं. प्रेस वडिलांचा, तराजू वडिलांचा, पण ज्यात त्यांचं अक्षर होतं, त्यांचे हिवाळे होते, नेमकी तीच वस्तू वापरायची नाही. ती थोडा वेळ गप्प बसली आणि मग वहीतल्या शेवटच्या पानांवर दारूच्या लॉट नंबरांची एखादी तरी नोंद आहे का ते आम्ही दोघांनी शोधलं. नव्हती.

मला बंदूक नको आहे, उद्या कायद्याने मुभा दिली तरी. २०२१ साली या देशात ४८,००० हून जास्त माणसं बंदुकीने मेली. त्या आकड्यात आत्महत्या निम्म्याहून जास्त होत्या. पुंगळी मोजून परत घेणाऱ्या व्यवस्थेत मी वाढलो आणि त्या मोजणीचा राग मला आजही येत नाही. पण त्या मोजणीत एक गोष्ट मला कुणी शिकवली नव्हती: वस्तू उघडता आली, दुरुस्त करता आली, पुन्हा भरता आली की तिच्यासोबत जबाबदारीही घरी येते. कारखान्याचं काडतूस फसलं तर दोष कारखान्याचा. स्वतः भरलेलं फसलं तर विचारायचं कुणाला? बॉक्सरच्या त्या एका भोकाने अमेरिकन माणसाला पुंगळीची मालकी दिली आणि तराजूपुढे एकट्याला बसवलं.

तिने नवी वही घेतली आहे. वडिलांच्या वहीत पाच रकाने होते, तिच्यात अकरा आहेत. दारूच्या कंपनीचं पूर्ण नाव, लॉट नंबर, डबा उघडल्याची तारीख, प्रायमर, पुंगळीची कंपनी, कितव्यांदा भरली, कुठल्या वर्षीच्या पुस्तकातलं माप. पहिल्या नोंदीला तिला पाऊण तास लागला. उद्या ही वही जिच्या हाती पडेल तिलाही यातले आकडे तसेच्या तसे वापरता येणार नाहीत. पण ते का वापरायचे नाहीत, हे तिला वहीतूनच कळेल.